पाणी कुठे मुरत होतं? वॉकरटनच्या ५ नंबरच्या विहिरीचं प्रकरण

१३ मे २०००, शनिवार. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या वॉकरटन गावात ५ नंबरच्या विहिरीचा रोजचा तक्ता भरला गेला. शिल्लक क्लोरीनच्या रकान्यात आकडा पडला ०.७५. लिटरमागे पाऊण मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे, म्हणजे पाणी बिनघोर प्यावं. आदल्या दिवशी गावात धो धो पाऊस झाला होता आणि त्या पावसाबरोबर शेणखतातले जिवाणू त्याच विहिरीत उतरले होते. अशा पाण्यात एवढं क्लोरीन शिल्लक राहणं जवळजवळ अशक्य होतं. पुढे चौकशीत निष्कर्ष निघाला तोही हाच: त्या दिवशी क्लोरीन मोजलंच गेलं नव्हतं, आकडा नुसता लिहिला होता.

गावाची वस्ती सुमारे ४,८००. त्या महिन्यात नळाच्या पाण्यातून तिथे ७ माणसं दगावली आणि २,३०० हून अधिक आजारी पडली. म्हणजे गावाच्या वस्तीशी ताडून पाहिलं तर जवळजवळ निम्मा आकडा. रोगजंतू दोन होते, ई. कोलाय ओ१५७:एच७ आणि कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय. यातला पहिला लहान मुलांच्या मूत्रपिंडांवर घाला घालतो. कित्येक मुलं त्यातून वाचली, पण वाचली म्हणजे पूर्ण बरी झाली असं नाही.

न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांच्या आयोगाने या सगळ्याची चौकशी केली. अहवालाचा पहिला भाग जानेवारी २००२ मध्ये आला, दुसरा त्याच वर्षी मे महिन्यात. लहान गावाच्या पाणीपुरवठ्याची इतकी बारकाईने, रोजच्या तक्त्यापासून प्रांताच्या पर्यावरण मंत्रालयाच्या अंदाजपत्रकापर्यंत झालेली चिरफाड माझ्या वाचनात दुसरी नाही.

वॉकरटनची गोष्ट सहसा दोन भावांची म्हणून सांगितली जाते. एक पाणीपुरवठ्याचा व्यवस्थापक, दुसरा फोरमन. दोघांनी खोट्या नोंदी केल्या आणि गाव आजारी पडलं. हे खरं आहे, पण अर्धंच. त्या व्यवस्थेची तपासणी सरकारी निरीक्षकांनी १९९१, १९९५ आणि १९९८ अशी तीनदा केली होती. तीन वेळा माणसं त्या पंपघरात गेली, तक्ते पाहिले, अहवाल लिहिले. तरी गावाला मारणाऱ्या दोन मुख्य गोष्टी तिघांच्याही नजरेतून सुटल्या. मला या प्रकरणाकडे त्या तीन तपासण्यांच्या बाजूने पाहायचं आहे, कारण खोटं लिहिणारा माणूस कुठेही निघू शकतो. तपासणी असते ती नेमकी त्याच्यासाठी.

विहीर

५ नंबरची विहीर १९७८ सालची. विहीर म्हटलं तरी ही विंधन विहीर, साधारण १५ मीटर खोल. पण खोली पाहून फसायला नको. तिचा केसिंग पाइप जमिनीखाली जेमतेम ५ मीटर गेला होता आणि पाणी येत होतं ते ५ ते ८ मीटरच्या पट्ट्यातून. केसिंग म्हणजे विहिरीचं कवच. वरच्या थरातलं पाणी आत शिरू नये म्हणून ते असतं. ते जिथे संपतं तिथून विहीर उघडी पडते.

त्या पट्ट्यातला खडक भेगाळलेला होता. मातीचा जाड थर असेल तर पाणी त्यातून हळूहळू झिरपतं, वाटेत जिवाणू अडकतात, काही मरतात. भेगाळ खडकात असं काही घडत नाही. तिथे पाणी गाळलं जात नाही, सरळ वाहतं. वरचा मातीचा थरही पातळ. जवळच शेत होतं आणि त्या शेतात एप्रिलच्या अखेरीस शेणखत टाकलेलं होतं.

आयोगाने जिवाणूंच्या संभाव्य वाटा शोधल्या, त्यात एक तपशील असा आहे की तो वाचल्यापासून कुठल्याही विहिरीचं कुंपण मी पहिल्यासारखं पाहू शकत नाही: कुंपणाच्या खांबांसाठी खणलेले खड्डे. खांब रोवायला खड्डा घेतला की आधीच पातळ असलेला मातीचा थर तेवढ्या जागेत भेदला जातो. पावसाचं पाणी खांबाच्या कडेने खाली उतरतं आणि थेट खडकाला भिडतं. दुसरी वाट होती विहिरीच्या उत्तरेकडचा एक झरा. एरवी त्यातून पाणी वर यायचं, पण पंप चालू असला की प्रवाह उलटा फिरून पाणी खाली ओढलं जाण्याची शक्यता होती. झऱ्याचं पाणी पंपाबरोबर खाली-वर होत असेल, तर विहिरीचं आणि वरच्या जमिनीचं नातं किती जवळचं आहे ते वेगळं सांगायला नको.

हे सगळं २००० साली नव्याने कळलं असंही नाही. विहीर घेतली तेव्हाच भूजलतज्ज्ञांनी अहवाल दिला होता. चाचणीसाठी पंप चालवला तेव्हाच्या नमुन्यांत माणसांच्या किंवा जनावरांच्या मैल्यातून आलेल्या दूषणाची चिन्हं होती, आणि आजूबाजूच्या जमिनीवर नियंत्रण ठेवण्याचा विचार व्हावा असं त्यात सुचवलं होतं. मंत्रालयाने विहिरीला मंजुरी दिली, पण ती कशी चालवायची याच्या अटी मंजुरीपत्रात घातल्या नाहीत. क्लोरीन किती ठेवायचं, किती वेळा मोजायचं, यांतलं काहीही त्या कागदावर बंधनकारक नव्हतं. पुढे नव्या मंजुऱ्यांना अशा अटी जोडायची पद्धत पडली. जुन्या मंजुऱ्या तशाच राहिल्या. १९९४ मध्ये प्रांताच्या मार्गदर्शक नियमांत भर पडली की ज्या भूजलावर वरच्या पाण्याचा थेट परिणाम होतो, तिथे शिल्लक क्लोरीनची सतत, यंत्राने नोंद व्हावी. नियम नेमका ५ नंबरच्या विहिरीला लागू पडावा असा होता. पण जुन्या विहिरींमधल्या कुठल्या या वर्गात येतात, हे शोधायची मोहीमच कुणी हाती घेतली नाही.

क्लोरीनचा हिशेब

इथे थोडं थांबतो, कारण हा हिशेब नीट कळला नाही तर ०.७५ या आकड्यातलं खोटं कळत नाही.

पाण्यात आपण क्लोरीन टाकतो ती मात्रा. त्यातलं काही पाण्यातली घाण, जिवाणू, लोह वगैरे खाऊन टाकतात. ते वजा जाता जे उरतं ते शिल्लक क्लोरीन. पाणी स्वच्छ असेल तर खर्च कमी, शिल्लक जास्त. पाणी अचानक घाण झालं तर टाकलेली मात्रा तीच राहूनही शिल्लक झपाट्याने खाली येते, प्रसंगी शून्यावर. म्हणून शिल्लक क्लोरीनचा आकडा हा पहारेकरी असतो. त्याने खाली येऊन आपल्याला जागं करायचं असतं.

ऑन्टारियोत त्या काळी अपेक्षा अशी की १५ मिनिटांच्या संपर्कानंतर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं. एवढं राखलं असतं तर त्या पाण्यातले ९९ टक्क्यांहून बरेच अधिक ई. कोलाय आणि कॅम्पायलोबॅक्टर मेले असते, असं आयोगाने नोंदवलं आहे. प्रत्यक्षात पाणीपुरवठा चालवणारे मात्रा मुळातच कमी ठेवत. क्लोरीनची चव येते म्हणून गावकऱ्यांच्या तक्रारी यायच्या. शिवाय त्यांचा स्वतःचा ठाम समज होता की आपल्या विहिरींचं पाणी मुळातच चांगलं आहे, क्लोरीन न टाकताही. ते स्वतः ते कच्चं पाणी प्यायचे. गावाला मुद्दाम विष पाजणारी माणसं नव्हती ती, आणि म्हणूनच मला हे प्रकरण जास्त जड जातं. परवाना त्यांना अनुभवाच्या जोरावर मिळाला होता, ना अभ्यासक्रम ना परीक्षा. ई. कोलाय म्हणजे नेमकं काय आणि ते किती घातक, हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

शिल्लक क्लोरीन मोजायला किती वेळ लागतो? छोट्या काचेच्या कुपीत १० मिलिलिटर पाणी घ्यायचं, त्यात डीपीडी या रसायनाची पूड किंवा गोळी टाकायची, हलवायचं. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. जितकं क्लोरीन जास्त तितका रंग गडद. तो रंग पट्टीशी जुळवायचा किंवा छोट्या यंत्रात कुपी ठेवून आकडा वाचायचा. काहीच शिल्लक नसेल तर पाणी जसंच्या तसं, बिनरंगी. सगळं मिळून दोन-चार मिनिटांचं काम.

आणि मोजलेला आकडा कधीच एकसारखा येत नाही. आज ०.४८, उद्या ०.६१, परवा पाऊस पडला म्हणून ०.३. पाण्याचं तापमान, पंपाचा वेग, द्रावणाचा जुनेपणा, सगळ्याचा त्याच्यावर परिणाम होतो. वॉकरटनच्या तक्त्यांत मात्र ठरीव आकडे होते, ०.५ नाही तर ०.७५, पानामागून पान. इतक्या शिस्तीत निसर्ग वागत नाही. तपासणीचं काम करणाऱ्याला अशा पानावर बोट ठेवता आलं पाहिजे. हे पान खरं बोलत नाही, आणि ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

तीन तपासण्या

१९९१, १९९५, १९९८. तिन्ही वेळा त्या व्यवस्थेत पाण्याच्या सुरक्षेशी संबंधित दोष होते आणि त्यांतले काही निरीक्षकांना सापडलेही. जिवाणू तपासणीचे नमुने पुरेसे घेतले जात नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९९८ चा अहवाल तर बऱ्यापैकी कडक होता. वाहिन्यांच्या पाण्यात ई. कोलाय सापडल्याचा त्यात उल्लेख होता, शिल्लक क्लोरीन किमान ०.५ राखा असं बजावलं होतं, प्रशिक्षणाच्या नोंदी नाहीत याकडे लक्ष वेधलं होतं.

सुटलं काय? आयोगाने दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. एक, ५ नंबरची विहीर वरच्या दूषणाला उघडी आहे ही गोष्ट. दुसरी, क्लोरीन कमी टाकण्याची आणि न मोजता आकडे लिहिण्याची सवय. मे २००० चा घात याच दोन गोष्टींनी केला.

पहिली का सुटली, ते समजण्यासारखं आहे, आणि समजलं की चिंता वाढते. निरीक्षक पंपघरात जायचा तो पंप, क्लोरिनेटर (पाण्यात क्लोरीन सोडणारं यंत्र) आणि कागद पाहायला. विहिरीचं पाणी मुळात येतं कुठून, हे तपासायचं की नाही याबद्दल त्याला नीट सूचनाच नव्हती. कार्यालयातून निघण्याआधी त्या विहिरीची जुनी फाइल चाळावी, अशीही नव्हती. १९७८ चा अहवाल मंत्रालयाच्याच दप्तरात होता. पण प्रत्येक तपासणी कोऱ्या पाटीने सुरू व्हायची, जणू ती विहीर आजच खणली आहे.

माझ्या मते तपासणीची सुरुवात पंपघराच्या दारातून होताच कामा नये. आधी फाइल. मग विहिरीभोवती एक फेरी, पायी, शक्यतो पावसानंतरच्या दिवसांत. पाणी कुठे साचलंय, उतार कुणीकडे आहे, शेत किती अंतरावर, जनावरं कुठे बांधतात, केसिंगचं तोंड जमिनीपासून किती वर आहे, त्याचं झाकण घट्ट आहे का. पंप चालू-बंद करून जवळच्या झऱ्याकडे किंवा डबक्याकडे नजर टाकायची. ही फेरी अर्ध्या तासाची. वॉकरटनला ती डोळसपणे झाली असती तर पातळ माती, शेजारचं शेत आणि तो झरा, तिन्ही एका दृष्टिक्षेपात आले असते.

दुसरी गोष्ट सुटली याची चुटपुट मला जास्त लागते, कारण पुरावा समोर टेबलावर होता. मागचे तक्ते उलटून पाहिले असते तर ०.५ आणि ०.७५ ची ती अखंड रांग नजरेत भरली असती. आयोगाचंही म्हणणं हेच.

तक्त्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर त्याची शहानिशा करायचा एक साधा मार्ग आहे, आणि तो कुठल्याही गावात चालतो. क्लोरीनच्या द्रावणाचं पिंप खोटं बोलत नाही. समजा दिवसाला १,००० घनमीटर पाणी उपसलं आणि मात्रा लिटरमागे २ मिलिग्रॅम ठेवली असं लिहिलं आहे. म्हणजे दिवसाला २ किलो क्लोरीन खर्ची पडायला हवं. द्रावणाच्या एका लिटरमध्ये १२० ग्रॅम क्लोरीन असेल, तर दिवसाला साधारण १७ लिटर द्रावण संपलं पाहिजे, महिन्याला ५०० लिटर. आता खरेदीच्या पावत्या काढा. महिन्याला २०० लिटरच येत असेल तर तक्त्यातली मात्रा खोटी. वहीत काय लिहायचं ते लिहिणाऱ्याच्या हातात असतं. पंपाचं मीटर, पिंपाची पातळी आणि पावत्या या तिघांनाही एकाच वेळी खोटं बोलायला लावणं फार अवघड. शिवाय निरीक्षकाने स्वतः कुपी हातात घेऊन मोजावं, आणि त्या दिवशीचा आपला आकडा त्याच आठवड्याच्या वहीतल्या आकड्यांशेजारी ठेवावा. मोजणाऱ्यालाच "तुम्ही कसं मोजता ते दाखवा" म्हणावं. जो रोज मोजतो त्याचा हात न अडखळता कुपीकडे जातो. जो मोजत नाही, त्याला पुडीचं पाकीट शोधावं लागतं.

नमुन्यांचंही तसंच. वॉकरटनमध्ये बाटल्यांवर गावातल्या वेगवेगळ्या ठिकाणांची नावं असायची, पण पाणी बरेचदा तिथलं नसायचंच. गावभर हिंडण्याऐवजी पंपघराच्या नळावरच बाटल्या भरल्या जात. त्यामुळे मे महिन्यात जेव्हा नमुने दूषित निघाले, तेव्हा दूषण नेमकं कुठून आलं हे त्या चिठ्ठ्यांवरून ठामपणे सांगता येईना. निरीक्षकाने नमुना घेणाऱ्याबरोबर एखादी फेरी मारली असती, तर ही सवय तेव्हाच उघडी पडली असती.

आता १९९८ नंतर काय झालं ते पाहू. अहवाल गावाच्या निवडून आलेल्या पाणी समितीपुढे गेला. समितीची माणसं भली होती. पाणीपट्टी आणि अंदाजपत्रक पाहणं हे आपलं काम, पाण्याची शुद्धता व्यवस्थापकाकडे, अशी त्यांची समजूत होती. अहवालात गंभीर गोष्टी असूनही त्यांनी व्यवस्थापकावर भिस्त ठेवली. त्याने मंत्रालयाला सुधारणा करतो असं लेखी कळवलं आणि केल्या नाहीत. मंत्रालयाने ते उत्तर घेतलं आणि पुन्हा कुणी पाहायला गेलं नाही. अहवालापासून मे २००० पर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ गेला. या काळात मंत्रालयाच्या अंदाजपत्रकात मोठी कपात झालेली होती. त्यामुळे अशा चुका वेळेत पकडल्या जाण्याची शक्यता घटली, हेही आयोगाने लिहिलं आहे.

तपासणीतला सगळ्यात नाजूक सांधा मला इथे दिसतो. दोष सापडणं अवघड नाही, बहुतेक अहवालांत ते सापडतातच. दोष लिहिल्यावर "दुरुस्त केलं" असं उत्तर येतं, ते फाइलला लागतं आणि विषय मिटतो. दुरुस्ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मुद्दा बंद करायचा नाही, एवढा एक दंडक असता तर १९९८ च्या अहवालाने गाव वाचवलं असतं असं मला वाटतं.

दहा दिवस

८ ते १२ मे दरम्यान वॉकरटनला १३४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यातला ७० मिलिमीटर एकट्या १२ तारखेला. त्या दिवसांत गावाला मुख्यतः ५ नंबरची विहीर पाणी पुरवत होती. पुढे १५ ते १९ मे गावाची दुसरी एक, ७ नंबरची विहीर चालवली गेली, आणि तिच्यावर त्या काळात क्लोरिनेटरच नव्हता.

१५ मे रोजी घेतलेल्या नमुन्यांचे निकाल १७ मे रोजी व्यवस्थापकाच्या हातात आले. पाणी दूषित होतं, ई. कोलाय होते. ते त्याने कुणाला सांगितले नाहीत. प्रयोगशाळेनेही मंत्रालयाला किंवा आरोग्य विभागाला कळवलं नाही. १९९६ पासून ही तपासणी सरकारी प्रयोगशाळांकडून खासगीकडे गेली होती, आणि वाईट निकाल सरकारला कळवलाच पाहिजे असा कायदा तेव्हा नव्हता.

१९ मे रोजी एका बालरोगतज्ज्ञाने स्थानिक आरोग्य विभागाला कळवलं की वॉकरटनची दोन मुलं रक्ताचे जुलाब होऊन दाखल झाली आहेत. आरोग्य विभागाने त्याच दिवशी पाणीपुरवठ्याकडे विचारणा केली. उत्तर मिळालं, पाणी ठीक आहे. आणि त्याच दिवसापासून वाहिन्या धुऊन काढायला आणि क्लोरीन वाढवायला गुपचूप सुरुवात झाली, पुढचे नमुने चांगले यावेत म्हणून. निकाल १९ तारखेलाच सांगितले असते तर ३०० ते ४०० माणसांचं आजारपण टळलं असतं. २० मे रोजी पाणीपुरवठ्याच्याच एका कर्मचाऱ्याने नाव न सांगता प्रांताच्या मदतवाहिनीवर फोन करून दूषित नमुन्यांची खबर दिली. २१ मे रोजी आरोग्य विभागाने स्वतःच्या जबाबदारीवर पाणी उकळून पिण्याची सूचना काढली. ती रेडिओवरून गेली आणि सगळ्यांपर्यंत पोचली नाही. २२ मे रोजी पहिला मृत्यू झाला. २३ मे रोजी आरोग्य विभागाच्या स्वतःच्या नमुन्यांचे निकाल आले आणि शंकेला जागा उरली नाही. मधल्या काळात ७ नंबरच्या विहिरीचा तक्ताही बदलला गेला होता.

१३ मेपासून रोज खरोखर क्लोरीन मोजलं असतं तर? आयोगाच्या मते शिल्लक घसरल्याचं बहुधा लगेच लक्षात आलं असतं आणि साथीचा आवाका खूप आटोक्यात राहिला असता. पण साथ पूर्ण टाळायला रोजचं एक मोजमाप पुरेसं नव्हतं. त्यासाठी शिल्लक क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं लागली असती, आकडा घसरताच घंटा वाजवून पंप बंद करणारी. ५ नंबरची विहीर कुठल्या वर्गातली आहे हे कुणी वेळेत ओळखलं असतं, तर १९९४ च्या नियमाने ही यंत्रं तिथे बसली असती.

नंतर

शेतकऱ्याचा दोष नव्हता. त्याने खत नियमाप्रमाणेच टाकलं होतं, हे आयोगाने आवर्जून लिहिलं. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. असं काही घडलं की गाव सगळ्यात आधी शेजारच्या शेताकडे बोट दाखवतं.

दोघा भावांनी २००४ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. व्यवस्थापकाला एक वर्षाचा तुरुंगवास झाला, त्याच्या भावाला ९ महिन्यांची नजरकैद. ऑन्टारियोत २००२ मध्ये सुरक्षित पेयजल कायदा आला, पाण्याच्या स्रोतांच्या रक्षणाचा कायदा २००६ मध्ये. वाईट निकाल लगेच कळवणं प्रयोगशाळांना बंधनकारक झालं. चालवणाऱ्यांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. त्यासाठीचं प्रशिक्षण केंद्र २००४ मध्ये वॉकरटनमध्येच उभं राहिलं. वॉकरटनच्या नळाचं पाणी पुन्हा न उकळता पिता आलं ते डिसेंबर २००० मध्ये.

तपासणीबद्दल आयोगाच्या शिफारशी अगदी जमिनीवरच्या आहेत. वर्षातून किमान एक तपासणी. काही तपासण्या न कळवता, दर तीन वर्षांत निदान एक. निरीक्षकाने निघण्याआधी काय वाचायचं आणि तिथे काय पाहायचं, याची लेखी यादी. अहवाल किती दिवसांत द्यायचा, त्याला उत्तर किती दिवसांत यायचं आणि दुरुस्ती कुठवर आली हे मधेच कधी कळवायचं, याच्या मुदती. चालवणाऱ्यांनी नोंदी पाच वर्षं जपून ठेवायच्या आणि निरीक्षकाने मागितल्या की पुढ्यात ठेवायच्या.

५ नंबरची विहीर पुन्हा वापरात आली नाही. ती दूषित होऊ शकते असं सांगणारा १९७८ चा अहवाल मात्र सगळा काळ मंत्रालयाच्या दप्तरातच होता, २२ वर्षं. तिन्ही निरीक्षक वॉकरटनला निघाले, तेव्हा तो त्यांच्या पिशवीत नव्हता.